रिंग गेली, का नुसतं कॉलिंग?

बडनेऱ्याला राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात, एका संध्याकाळी माझा नवरा तोंड उघडं ठेवून थांबला. तो नाशिकला, मी बडनेऱ्याला, आणि मधे मोबाइलचा पडदा. मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगता सांगता त्याचा जबडा खाली आला तो वर जाईचना. मी हॅलो हॅलो करत गॅलरीत आले, गॅलरीतून जिन्यात आले आणि शेवटी जिन्याच्या मधोमध उभी राहून फोन डोक्याच्या वर धरला. खालच्या दारातून आवाज आला.

"मॅडम, हात खाली घ्या. नेट काई पतंग नाई."

हे आमचे घरमालक. नोकरीभर मालगाडीवर गार्ड होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणायची. मी अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायला आले होते. नाशिकची गाडी बडनेऱ्यालाच मिळते म्हणून तिथेच, त्यांच्या वरच्या मजल्यावर खोल्या घेतल्या होत्या. भाडेकरू म्हणून त्यांनी मला तोवर नळाची वेळ आणि गेटची कडी एवढंच समजावलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी मला जिन्यातच बसवलं, काकूंना पाणी आणायला सांगितलं आणि मी पेला संपवेपर्यंत फोनला हात लावू दिला नाही. रागातल्या माणसानं फोनला हात लावू नये, हा त्यांचा पहिला नियम. मग चष्मा नाकावर चढवून त्यांनी विचारलं, "रिंग गेली, का नुसतं कॉलिंग?"

मला फरकच माहीत नव्हता. आपण कॉल लावला की पडद्यावर आधी 'कॉलिंग' असं येतं. समोरच्या फोनपर्यंत तो पोचला की त्याचं 'रिंगिंग' होतं. आपण सगळे ते बघतो आणि कोणी वाचत नाही. गार्डसाहेब वाचायचे. माझा कॉल तर लागून अडकला होता, त्यामुळे त्यांची चौकशी पुढे सरकली. निघालं असं, की माझा फोन त्यांच्याच खालच्या घरातलं वायफाय धरून बसला होता. वरच्या मजल्यावर त्याचा जेमतेम एक दांडा यायचा, आणि तो असेपर्यंत फोन मोबाइलचं चांगलं नेट घ्यायला तयार नव्हता. त्यांनी वायफाय बंद करायला लावलं. नवऱ्यानं तोंड मिटलं आणि विचारलं, "तू जिन्यात का बसलीयस?"

त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखालची झाले, असं त्यांनीच ठरवून टाकलं.

दिसायला उंच, काटकुळे. घरात असले तरी कडक इस्त्रीची पांढरी पँट, वर नुसती बनियन. पण व्हिडीओ कॉल करायचा झाला की शर्ट चढायचा आणि गळ्यापर्यंत बटणं लागायची. त्यांचा फोन खिशात कधीच नसे. समोरच्या खोलीत पाटा मांडलेला आणि त्यावर वरवंटा उभा. फोन वरवंट्याला टेकून. असा स्टँड जगात दुसरा नाही, हलत नाही, घसरत नाही, असं ते सांगायचे. काकूंनी त्यापायी मिक्सर घेतला होता आणि ठेचा मिक्सरमधला झाल्यापासून घरातली चव गेली, असं त्या मला दर रविवारी ऐकवायच्या.

गल्लीत कोणाचाही कॉल बिघडला की लोक त्यांच्याकडे यायचे. कोणी आलं नाही तर ते स्वतः जायचे. भिंतीपलीकडून "आवाज येतो का, आवाज येतो का" असं ऐकू आलं की जेवणाच्या ताटावरून उठायचे. काकू म्हणायच्या, "याहिले स्वप्नातबी टॉवर दिसते." त्यांची चौकशी ठरलेली. नेट कोणतं धरलं? ॲपला माइक आणि कॅमेरा वापरायची परवानगी दिली का? फोनमधली तारीख बरोबर आहे का? तारीख चुकली की ॲप आपल्याला ओळखतच नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ॲप नवं करून घेतलं का? एवढं सगळं झाल्यावर, आणि तेही नाइलाजानं, फोन बंद करून चालू करायचा. लोक पहिल्यांदा तेच करतात याचा त्यांना मनस्वी संताप होता. "गाडी काहून थांबली हे न पाहता तिले ढकलत बसाचं, असं हाय थे."

गल्लीच्या तोंडाशी फुलवाल्या मावशी राहायच्या. घरचा झेंडूचा मळा, पहाटे फुलं बाजारात, दुपारी हार ओवायचे. मुलगा पुण्याला. त्याच्याशी बोलताना मावशींना तो दिसायचा, पण त्याला मावशी दिसायच्या नाहीत, नुसता काळोख. मुलानं आईला नवा फोन घ्यायचा घाट घातला होता. गार्डसाहेबांनी फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. पुढच्या कॅमेऱ्याच्या भोकावर मावशींनी देवीचं छोटं चित्र चिकटवलं होतं. फोनला एक डोळा असतो आणि तो सारखा बघतो, असं कोणीतरी सांगितल्यापासून मावशींना कपडे बदलताना संकोच वाटायचा. मला हसू येत होतं. गार्डसाहेब हसले नाहीत. त्यांनी हात धुतले, चित्राला नमस्कार केला, नखानं ते अलगद काढलं आणि फोनच्या पाठीवर नेऊन लावलं. "आता देवी मांगून राखन करते," ते म्हणाले, "आन् कपडे बदलतानी फोन पालथा ठेवजा." मावशींचा मुलगा आईला बघून पहिलं वाक्य बोलला ते, तू बारीक झालीस, हे. मावशींनी त्या दिवशी गार्डसाहेबांच्या दाराला एवढं मोठं तोरण लावलं, की दोन दिवस आम्ही वाकून आत जात होतो.

पण गल्लीत त्यांचं खरं नाव झालं ते समोरच्या घरातल्या मुलीच्या लग्नानं. मुलीचे वडील जिल्हा परिषदेत होते, ती स्वतः तेल्हाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका. स्थळ आलं होतं बंगळुरूच्या मुलाचं. त्याला रजा नव्हती, म्हणून बघण्याचा कार्यक्रम व्हिडीओ कॉलवर ठरला. एका रविवारी दुपारी मोठ्या खोलीत, बुद्धमूर्तीच्या खाली टेबल मांडून फोन ठेवला गेला. मामा, काका, आत्या, मावशा, सगळे नवे कपडे घालून फोनसमोर दाटीवाटीनं बसले. मुलगा पडद्यावर आला, नमस्कार म्हणाला आणि डोळे मिटलेल्या अवस्थेत गोठला. परत लावला, परत गोठला. आता डोळे अर्धे उघडे होते. आत्या हळूच म्हणाली की मुलगा झोपाळू दिसतो. मुलीचे वडील घामाघूम झाले आणि त्यांनी मला व गार्डसाहेबांना बोलावणं पाठवलं.

गार्डसाहेब शर्टाची बटणं लावतच आले. त्यांनी फोनकडे पाहिलंच नाही, खोलीकडे पाहिलं. जमलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक फोन होता आणि प्रत्येक जण त्या घरच्या वायफायवर काहीतरी बघत होता. एक मामा तर होणाऱ्या जावयाच्या चेहऱ्याशेजारी बसून क्रिकेट बघत होते. गार्डसाहेबांनी घरच्या बाईंकडे पोळ्यांचा मोठा डबा मागितला आणि तो सगळ्यांपुढे फिरवला. फोन त्यात टाकायचे, बंद करून. मामांनी थोडी कुरकुर केली. गार्डसाहेबांनी त्यांच्यापुढून डबा हलवलाच नाही.

मुलगा हलला. हसला. पण आता दुसरीच अडचण आली: सगळे एकदम प्रश्न विचारू लागले, आणि त्याला कोणाचंच कळेना. तेव्हा गार्डसाहेबांनी जे केलं त्याची गल्लीत वर्षभर चर्चा झाली. त्यांनी सगळ्या वडीलधाऱ्यांना उठवून ओसरीवर नेलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभे राहिले. "पोट्टीले आन् पोट्ट्याले बोलू द्या. गर्दीनं लाइन जाम होते." आत काय बोलणं झालं कोणाला कळलं नाही. अधूनमधून मुलीचं हसणं मात्र ओसरीपर्यंत येत होतं. लग्नात बुद्धवंदना झाल्यावर मुलाकडच्यांनी शाल देऊन ज्यांचा सत्कार केला त्यांत गार्डसाहेब होते. सत्कार स्वीकारून ते खाली उतरले आणि मला म्हणाले की हॉलमधलं नेट फार वाईट आहे.

आता त्या माणसाचं सांगते, ज्याचा कॉल गार्डसाहेबांना लावता आला नाही.

अकोल्याला त्यांचा मित्र होता. निवृत्त इंजिन ड्रायव्हर. दोघांनी उमेदीची सगळी वर्षं एकाच गाडीवर काढली होती, हा पुढे आणि हे मागे. गार्डसाहेब त्याला डायवर म्हणायचे, चारचौघांत बायकोचं नाव घ्यावं तसं जपून. रोज सकाळी त्याच्याशी व्हिडीओ कॉल असे. पुढे पुढे या कॉलमध्ये बोलणं कमी आणि "ऐकू येऊन नाई राहिलं" हेच जास्त व्हायला लागलं. डायवरसाहेबांनी फोन बदलला. मग आणखी एक घेतला. गार्डसाहेबांनी आपली सगळी चौकशी फोनवरून पार पाडली, माइक, परवानगी, तारीख, सगळं, आणि काहीच सापडलं नाही.

मग एका सकाळी कॉल लागेचना. नुसतं कॉलिंग. रिंगिंग कधीच नाही. मेसेज पाठवला तर एकच खूण, दुसरी उमटत नव्हती. मित्राचा फोटो जाऊन तिथे राखाडी बाहुलं आलं होतं. साधा फोन लावला तर लगेच कटायचा. गार्डसाहेबांनी ॲप काढून परत घातलं. नेटच्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या, त्यात घरच्या वायफायचा पासवर्डही पुसला गेला. पाण्याच्या टाकीवर चढले. ज्याला ते कमीपणा मानत, ते फोन बंद करून चालू करणंसुद्धा करून झालं. पाट्यासमोर शर्ट घालून बसायचे आणि उठून जायचे. काकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं की जेवण निम्म्यावर आलंय. मित्र दवाखान्यात असेल आणि घरचे सांगत नसतील, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्याच्या घरचा दुसरा नंबर यांच्याकडे नव्हता.

शेवटी ते वर आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या फोनवरून लावून पाहा बरं. फोन माह्याच खराब असन."

मी लावला. क्षणभर कॉलिंग, आणि लगेच रिंगिंग. दुसऱ्याच क्षणी पडद्यावर एक गोल, तुकतुकीत चेहरा आला, मिशीला लागलेला चहा पुसत. "हॅलो? कोन?" माणूस ठणठणीत होता. मी शेजारी पाहिलं. गार्डसाहेब एक पाऊल बाजूला झाले होते, कॅमेऱ्यात दिसू नये असे. ते नुसते त्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर आधी हसू आलं, मग ते हळूहळू गेलं. मी चुकीचा नंबर लागला म्हणाले आणि ठेवला.

त्यांनी विचारलं नसतं तर मी सांगितलं नसतं. पण त्यांनी विचारलं. मी सांगितलं की माझा कॉल जातो आणि तुमचा जात नाही, फोटो दिसत नाही, दुसरी खूण येत नाही, याचा अर्थ एकच. त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ब्लॉक त आमी दुरुस्तीसाठी घेतो, मॅडम. लाइन बंद ठेवतो, काम करतो, मंग खोलतो." चष्मा परत चढवून ते म्हणाले, "आता काम कोनतं निघालं थे पाहा लागन."

काम काकूंना माहीत होतं. त्यांनी ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. निवृत्त रेल्वेवाल्यांचा एक ग्रुप होता. डायवरसाहेबांनी त्यावर विचारलं होतं की कोणता फोन घेऊ, माझ्या फोनचा आवाज येत नाही. त्यावर आमच्या गार्डसाहेबांनी, सगळी तपासणी झालेली असल्यामुळे अगदी शास्त्रशुद्ध उत्तर दिलं होतं: फोन उत्तम आहे, कान तपासून घे. ग्रुपवर लोक हसले होते. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. डायवरसाहेब ग्रुप सोडून गेले होते, आणि गार्डसाहेबांना वाटलं होतं की चुकून बटण दाबलं गेलं.

"फोनचं समदं समजते याहिले," काकू म्हणाल्या, "मान्साचं नाई समजत."

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही अकोल्याला निघालो. मी कशाला, तर तपासणीला दोन फोन लागतात म्हणून. काकूंनी सांबारवडीचा, म्हणजे तिकडच्या कोथिंबीरवडीचा, डबा दिला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत गार्डसाहेब खिडकीशी बसून स्वतःशी काहीतरी पुटपुटत होते. काय बोलायचं त्याची उजळणी चालली असावी.

डायवरसाहेबांच्या बायकोनं दार उघडलं आणि यांना पाहून तिचा चेहरा फुलला. डायवरसाहेब अंगणात खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली, पाहिलं, आणि परत शेंगांत डोकं घातलं. गार्डसाहेब त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले.

डायवरसाहेबांनी कानामागे हात धरला. "काय?"

"चुकलं म्हनलं माह्यं."

"काय?"

शेजारच्या गच्चीवर पापड घालणारी बाई थांबली. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. गार्डसाहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "ग्रुपवर तुह्या कानाचं बोललो थे चुकलं माह्यं. चार लोकांत बोलाले नोको होतं."

डायवरसाहेबांनी हातातली शेंग खाली ठेवली. "बस," ते शांतपणे म्हणाले. "पयल्याच खेपेले ऐकू आलतं."

आधी त्यांची बायको हसायला लागली, मग मी, मग पापडवाली. गार्डसाहेबांना समजायला सगळ्यांत वेळ लागला. समजल्यावर ते खुर्चीच्या हाताला धरून तिथेच पायरीवर बसले आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले.

चहा झाला, सांबारवडी संपली. मग डायवरसाहेब शेंगांकडे बघत म्हणाले, "कान गेले हे मले समजत होतं ना बावा. पन फोनचा दोष निघावा असं वाटे." गार्डसाहेबांनी मित्राच्या पुढ्यातल्या निम्म्या शेंगा आपल्याकडे ओढून घेतल्या.

ब्लॉक काढायची वेळ आली तेव्हा डायवरसाहेबांनी फोन त्यांच्या हातात दिला. गार्डसाहेबांनी तो परत केला. ज्यानं ब्लॉक घेतला त्यानंच काढायचा असतो, असं म्हणाले. डायवरसाहेबांनी बोट फिरवून काढला. आता तपासणी. गार्डसाहेब आपला फोन घेऊन गच्चीवर गेले, खाली अंगणात डायवरसाहेबांच्या हातात त्यांचा फोन. कॉल लावला. रिंग गेली. चेहरे दिसले. आणि डायवरसाहेब हिरमुसून म्हणाले की दिसतं, पण ऐकू काहीच येत नाही.

मी वर पाहिलं. गार्डसाहेब दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत काहीतरी शोधत होते. त्यांना हवं ते सापडलं. डायवरसाहेबांच्या बायकोचा हिरवा परकर होता तो. तो त्यांनी दोन्ही हातांनी ताणला, एका हातात घेतला आणि फोनसमोर सावकाश हलवू लागले. खालून त्या माउलीनं, अहो ते ठेवा, ते ठेवा, म्हणून हाक मारली, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. डायवरसाहेब खुर्चीतून उठले होते. पाठ ताठ झाली होती. त्यांनी उजवा हात वर नेला आणि तसाच हलवला.

मला नंतर गाडीत समजलं. मालगाडी अर्ध्या मैलाहून लांब. ड्रायव्हर एका टोकाला, गार्ड दुसऱ्या. सुटताना आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनात एकमेकांना हिरवं दाखवायचं, म्हणजे सगळं ठीक. "इतके वर्सं एका गाडीत होतो, मॅडम," गार्डसाहेब म्हणाले, "चालत्या गाडीत एक शब्द ऐकला नाई त्याचा. मंग आताच आवाज कायले पाहिजे होता?" आणि परत येईपर्यंत ते खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक फाटकवाल्याला हात करत होते.

त्यानंतर रोज सकाळी बिनआवाजाचा कॉल होऊ लागला. काकूंनी एक जुनं हिरवं पातळ फाडून दोन झेंडे शिवले, एक अकोल्याला पाठवला. हळूहळू त्यात भर पडली. बीपी वाढलं की लाल. पोट बिघडलं की पिवळा रुमाल. काकू कॅमेऱ्यासमोर ताट धरायच्या, तिकडच्या वहिनी त्यांचं ताट धरायच्या, आणि ज्याच्या घरी वांग्याची भाजी नसेल तो गार्ड किंवा ड्रायव्हर आपल्या बायकोकडे बघायचा. मी कॉलेजला निघताना जिन्यातून हे दिसायचं आणि दिवस बरा जायचा.

माझी नाशिकला बदली झाली, पण काकूंचा फोन येतो. डायवरसाहेबांनी आपणहून कान तपासून घेतले, असं त्यांनी सांगितलं. कोणी सुचवलं नव्हतं. यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी दोघं मित्र भरपूर बोलले. साखर, गुडघे, नातवंडं, पेन्शन, तुरीचा भाव, सगळं झालं. गार्डसाहेब आनंदानं गल्लीभर सांगून आले की आता आवाज अगदी स्वच्छ येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉल लागला तेव्हा डायवरसाहेबांनी कानातलं यंत्र काढलं, ते फोनसमोर धरून दाखवलं आणि बाजूला ठेवून दिलं.

"काल बोललो," ते म्हणाले, "पन मजा नाई आली."